साहेबाला भिलाली यायला हवी का?

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. धारच्या किल्ल्यात 1775 साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. देवासात तर एकाच गावात दोन गाद्या नांदल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती; दरबार दोन, कचेऱ्याही दोन. 1948 मध्ये ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाला आणि इथला मराठी माणूस दरबारातून हिंदी कारभाराच्या नोकरीत गेला. आजही देवासात मराठी घरं आहेत. गणपती बसतात, मोदक होतात, आणि घरातला एखादा तरी तहसिलीतून किंवा कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेला असतो.

अशाच एका घरात मामा-भाचीत झालेला वाद इथे देतो आहे. मामा महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून लागले आणि अपर कलेक्टर म्हणून निवृत्त झाले. भाची धार जिल्ह्यात, कुक्षी-डहीच्या बाजूला, वनहक्काचे दावे भरायला गावांना मदत करते. प्रश्न असा होता: जिल्ह्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला कारभाराच्या भाषेखेरीज तिथल्या लोकांची भाषा येणं सक्तीचं करावं का? मामा म्हणाले, नको. भाची म्हणाली, हवंच. मी भाचीच्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो. पण मामांचे मुद्दे लेचेपेचे नाहीत, म्हणून त्यांना पुरेशी जागा देतो.

मामा: अगं, त्यांना आधीच दोन भाषा येतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही पेपर पास व्हावेच लागतात. तामिळनाडूचा मुलगा मध्य प्रदेश केडरमध्ये आला की त्याला हिंदी शिकावी लागते. झाल्या तीन. अजून किती?

भाची: तीन झाल्या मामा, पण समोर उभ्या असलेल्या माणसाची त्यात एकही नाही. धार जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 21 लाख 85 हजार. त्यातले जवळजवळ 56 टक्के आदिवासी. वर पठारावर बदनावर, धार, तिकडे माळवी. घाट उतरलात की मनावर, कुक्षी, गंधवानी. तिथे निमाडी, भिलाली, भिली. साहेब बोलतात कार्यालयीन हिंदी, 'प्रकरण विचाराधीन है' छापाची.

मामा: मी त्या भागात काम केलंय. लोकांना हिंदी कळते. हाटात बोलतात, गुजरातेत मजुरीला जातात.

भाची: कळते ना, कामापुरती. कापसाचा भाव करायला पुरते. जमिनीची तीन पिढ्यांची हकिकत सांगायला पुरत नाही. म्हाताऱ्यांना आणि कधी गाव न सोडलेल्या बायांना तर तेवढीही येत नाही. एका गावातली गोष्ट सांगते. वनहक्क कायद्याच्या नियमांत तोंडी पुराव्याला जागा आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याचं निवेदन लिहून घेतलं तर ते पुराव्यात धरतात, नियम 13. तर एक बाबा निवेदन द्यायला आले. खूप वेळ बोलले. नाल्यापासून सुरुवात केली, मग कुठलं मोहाचं झाड कोणाच्या आजाने राखलं, पूर्वजांच्या नावाचे दगड शेताच्या कुठल्या अंगाला उभे केलेत, कुठल्या दुष्काळात कुठला तुकडा पडीक राहिला, वनखात्याने चर कधी खणला. कायद्याला तारीख लागते, 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा. बाबांना तारीख सांगता येत नव्हती. पण थोरल्या पोराच्या लग्नाच्या साली त्या तुकड्यात काय पेरलं होतं हे पाठ होतं, आणि त्या पोराची पोरं आता कामाला जातात. हिशेब करणाऱ्याला सगळं त्यात होतं. लिहिणाऱ्याने लिहिलं, 'आवेदक का कब्ज़ा पुराना है।' एवढंच. खाली बाबांचा अंगठा. वरच्या समितीपुढे ती एक ओळ गेली आणि दावा पुराव्याअभावी नामंजूर झाला.

मामा: वाईट झालं. पण तो लिहिणाऱ्याचा आळस. साहेबाला भिलाली आली असती तरी टेबलावर हाच कागद आला असता.

भाची: साहेबाला भिलाली येते हे ठाऊक असतं तर असा कागद पुढे पाठवायची कोणाची छाती झाली नसती. साहेब बाबांना बोलावून दोन प्रश्न विचारतील, ही भीती राहिली असती.

मामा: बरं, आता माझं ऐक. नोकरीत मी ज्यांच्यामुळे गावं गांजलेली पाहिली, त्या सगळ्यांना तिथली भाषा फर्डी येत होती. पटवारी तिथलाच. जंगलचा गार्ड तिथलाच. सावकार तर भिलालीत गोड बोलूनच अंगठा घेतो. भाषा आली की माणूस न्यायाने वागतो, हे तू कुठे पाहिलंस?

भाची: कुठेच नाही पाहिलं. भाषेने माणूस प्रामाणिक होत नाही, मान्य. मी प्रामाणिक अधिकाऱ्याबद्दलच बोलतेय. त्याला भाषा येत नसेल तर तो कोणाच्या तोंडाने ऐकणार? त्याच पटवाऱ्याच्या. तक्रार पटवाऱ्याची, दुभाषा पटवारी, चौकशीचा पंचनामाही पटवाऱ्याचा. साहेब कितीही सचोटीचा असू दे, त्याच्या सहीने पटवाऱ्याचंच राज्य चालतं.

या वादाचा गाभा मला इथे सापडला. भाषेच्या सक्तीची चर्चा आपण नेहमी अस्मितेच्या अंगाने करतो: कोणाची भाषा मोठी, कोणाची पाटी वर. भाचीचा मुद्दा निव्वळ कारभाराचा आहे. ज्याला ऐकू येत नाही तो मधल्या माणसाच्या ताब्यात जातो.

माळव्यात हे नवं नाही, आणि एके काळी त्या खुर्चीवर आपणच होतो. अठराव्या शतकात पवार, होळकर, शिंदे इथे आले, मागोमाग कमाविसदार, फडणीस, कारकून आले. दफ्तर मराठीत, लिपी मोडी, आणि शेतकरी माळवी बोलणारा. त्याच्या साऱ्याचा, त्याच्या शेताचा कागद त्याला वाचता येत नव्हता. वाचून दाखवणारा पुन्हा कचेरीतलाच. आपण त्या काळाची आठवण अभिमानाने काढतो. माळव्याच्या कुळंब्याला आणि भिल्लाला तो काळ कसा दिसला असेल, हे मात्र आपण फारसं लिहिलेलं नाही. बडोद्याला सयाजीरावांच्या बाबतीत वेगळं घडलं. प्रजा गुजराती म्हणून त्यांना लहानपणी मराठीबरोबर गुजरातीही शिकवली, उर्दू आणि इंग्रजीही. पुढे त्यांच्याच राज्यात कारभाराच्या शब्दांचा अनेक भाषांतला कोश निघाला, 'श्रीसयाजीशासनकल्पतरु'. राजाने प्रजेची भाषा शिकणं त्या संस्थानात कमीपणाचं मानलं गेलं नाही.

मामांना हे सांगितलं तर ते थेट नालछ्याला पोहोचले. धारहून मांडूला जाताना लागतं ते नालछा.

मामा: तिथे सर जॉन माल्कम राहायचा, 1818 नंतर. त्याचं धोरण ठाऊक आहे ना? चारही दरवाजे उघडे. कोणीही यावं, मधल्या माणसाशिवाय भेटावं. त्याला कुठे भिली येत होती? फारसी येत होती. तरी भिल्लांचे नायक त्याच्याकडे येत. दार उघडं ठेवणारा साहेब लागतो, भाषेचं नंतर बघता येतं.

भाची: दार उघडं होतं हे चांगलंच. पण आत आलेल्या भिल्लाचं बोलणं फारसीत पोहोचेपर्यंत किती जणांच्या तोंडून गेलं असेल? आणि मामा, इंग्रजांचाच दाखला द्यायचा तर पुरता द्या. वेलस्लीने 1798 मध्येच जाहीर केलं होतं की 1 जानेवारी 1801 पासून भाषांची आणि कायद्यांची परीक्षा दिल्याशिवाय जबाबदारीच्या जागा मिळणार नाहीत. 1800 साली फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. विल्यम कॅरी तिथे मराठी शिकवायचा, 1805 मध्ये त्याचं मराठीचं व्याकरण छापलं गेलं.

मामा: त्यांना राज्य करायचं होतं, वसुली करायची होती.

भाची: वसुलीसाठी लोकांची भाषा लागते, मग लोकशाहीत सेवेसाठी लागत नाही?

याला मामांनी उत्तर दिलं नाही, बदल्यांचा विषय काढला. त्यांच्या सगळ्या मुद्द्यांत मला हा जास्त जड वाटतो.

मामा: नियमात किमान दोन वर्षं लिहिलीत. प्रत्यक्षात कलेक्टर त्याआधीही उचलला जातो. आज धार, उद्या मंडला, तिथे गोंडी. परवा बैतूल, तिथे कोरकू आणि गोंडी, शिवाय मराठी. रीवा असेल तर बघेली. माणूस भाषा शिकत बसेल की कारभार करेल? आणि सक्ती केलीस की काय होतं मी पाहिलंय. परीक्षा होते, दाखला मिळतो, दाखला फायलीत लागतो. बोलायची वेळ आली की पुन्हा पटवारी.

भाची: म्हणून तर लेखी परीक्षा नको म्हणते. तोंडी घ्या, आणि परीक्षक म्हणून गावातली दोन म्हातारी माणसं बसवा. साहेबाने कविता करायची नाही. कोणाचं शेत, कधीपासून, कोणी अडवलं, रेशन मिळालं का, दवाखान्यात कोण होतं, एवढं विचारता यावं आणि उत्तर कळावं. सहा महिन्यांत होतं एवढं. एसडीएमला, तहसीलदाराला नक्की होतं, कारण त्यांची बरीचशी नोकरी याच पट्ट्यात जाते: धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानी. चार जिल्ह्यांत बोलण्याची लकब बदलते, पण एक बोली आली की दुसरी कानाला परकी राहत नाही.

मामा: पुस्तक कुठलं? शिकवणार कोण?

भाची: थॉमसन नावाच्या मिशनऱ्याचं भिलीचं व्याकरण 1895 साली छापलंय. ग्रियर्सनने 1907 मध्ये भाषा सर्वेक्षणाचा अख्खा भाग भिल भाषांना आणि खानदेशीला दिला. सव्वाशे वर्षांत आपल्या एखाद्या सरकारी प्रशिक्षण संस्थेला त्यावरून पन्नास पानांचं पुस्तक करता आलं नसतं? देशात भिली आणि तिच्या बोली बोलणारे 2011 मध्ये एक कोटीहून जास्त होते. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. पंधरा लाखांच्या आसपास लोकांची बोडो 2003 मध्ये त्यात गेली, आणि तसं झालं ते चांगलंच झालं. पण मग भिलीने काय पाप केलंय?

बोलता बोलता भाचीने कॅनडाचं उदाहरण काढलं. 2011 साली तिथे महालेखापरीक्षक म्हणून मायकेल फर्ग्युसन यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांना फ्रेंच येत नव्हतं. गदारोळ झाला आणि 2013 मध्ये कायदाच आला, की संसदेला जबाबदार असलेल्या अशा दहा वरिष्ठ पदांवर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येणारीच व्यक्ती नेमायची. तिला वाटलं, मामांना हे पटेल. मामांनी तेच उदाहरण तिच्यावर उलटवलं.

मामा: त्याच कॅनडात 2021 ला मेरी सायमन गव्हर्नर जनरल झाल्या. इनुइट बाई, त्या पदावर बसलेली पहिली मूळनिवासी. इंग्रजी येतं, स्वतःची इनुक्टिटुट येते. म्हणजे दोन भाषा आल्या की नाही? तरी त्यांना फ्रेंच येत नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. तू कायदा कर, बघ काय होतं ते. कायद्यातल्या दोन भाषा नेहमी बळवंतांच्याच असतात. उद्या डहीची भिलाल्याची मुलगी हिंदी शिकेल, इंग्रजी शिकेल, परीक्षा पास होईल आणि वर कोणीतरी म्हणेल, तुमचं भाषाज्ञान अपुरं आहे.

भाची: हे बरोबर आहे मामा. म्हणूनच भाषांची जोडी भोपाळने ठरवू नये. ज्या तालुक्यात नेमणूक, तिथे जी भाषा जास्त लोक घरात बोलतात, ती. डहीच्या मुलीला डहीत नवीन काही शिकावं लागणार नाही. आजवर तिच्या ज्या भाषेला परीक्षेत शून्य गुण होते, तीच तिची पात्रता होईल. राज्य लोकसेवा आयोगाच्या अभ्यासक्रमात मध्य प्रदेशच्या जनजातींवर वेगळा भाग आहे. कोणत्या जमातीचा कोणता नाच, कोणता सण, हे पोरं घोकून येतात. त्यांच्याशी बोलायला काही शिकवत नाहीत.

मग मामांनी बेळगाव काढलं. ते निघणारच होतं.

मामा: बेळगावात कन्नडसक्ती म्हणून आपण सत्तर वर्षं भांडतोय. आणि इथे तू भिलालीसक्ती मागतेस?

भाची: बेळगावचा मराठी माणूस काय मागतो? सरकारने मला माझ्या भाषेत कागद द्यावा, माझ्या भाषेत माझं ऐकावं. डहीच्या बाबांची मागणी हीच आहे. तिथे सक्ती नागरिकावर होते म्हणून आपण ओरडतो, मी सक्ती अधिकाऱ्यावर मागते. घटनेच्या 350 व्या अनुच्छेदात म्हटलंय की गाऱ्हाणं संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येईल. बाबांना भिलालीत अर्ज द्यायचा हक्क आहे. तो घेऊन समजणारा माणूस त्या कचेरीत नाही. फौजदारी खटल्यात आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर भर कोर्टात ती त्याला समजावून सांगावी लागते. खुनाच्या आरोपीला जी सोय आहे ती जमिनीच्या दावेदाराला का नको?

मामा थोडा वेळ थांबले. मग देवासचा माणूस शेवटी जिथे येतो तिथे आले, कुमार गंधर्वांपाशी.

मामा: कुमारजी बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कन्नड घरातले. 1948 ला क्षयाने आजारी होऊन इथे आले. अंथरुणावर पडून माळवी बायकांची गाणी ऐकली आणि त्यातून केवढं संगीत उभं केलं. कोणी सक्ती केली होती? भाषा आवडीने येते. तुझे ते हेमलकशाचे आमटे, 1973 ला जंगलात गेले, माडिया शिकले, लोकांवर उपचार केले. कुठल्या शासन निर्णयाने?

भाची: ते आमटे होते मामा, आणि ते कुमारजी होते. असल्या माणसांसाठी नियम लागत नाहीत. नियम तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी असतात. कुमारजींनी माळवी ऐकली नसती तर देवासचं नुकसान झालं असतं, पण कोणाचं शेत गेलं नसतं. कलेक्टरने ऐकलं नाही तर शेत जातं.

मामांनी अखेरपर्यंत 'सक्ती' हा शब्द स्वीकारला नाही. भत्ता द्या, वेतनवाढ द्या, गोपनीय अहवालात नोंद करा, आदिवासी तालुक्यांत स्थानिक भाषा येणारे अधिकृत दुभाषे नेमा आणि पटवाऱ्याला त्या कामातून बाजूला काढा, इथवर ते आले. दुभाष्यांची सूचना चांगली आहे. ती आजच अमलात यावी, त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट बघायला नको. पण तिच्यावर भागवू नये. दुभाषा जनसुनवाईला मंगळवारी येईल. साहेबाचा दौरा गुरुवारी अचानक निघतो, रस्त्यात एखादी बाई गाडी थांबवून काही सांगू लागते, तेव्हा बरोबर ड्रायव्हर आणि पटवारीच असतात.

म्हणून माझं मत असं: नेमणुकीच्या वेळी अट नको, कारण तिने बाहेरच्या चांगल्या माणसांची वाट अडेल. पण आदिवासी तालुक्यात नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत तोंडी परीक्षा व्हावी. ती झाल्याशिवाय परिविक्षा संपू नये आणि पुढची बढती मिळू नये. कलेक्टरपासून तहसीलदारापर्यंत कोणालाही सूट नको.

आणि हे मागणं मराठी माणसाने धारच्या कलेक्टरकडे बोट दाखवून संपवता कामा नये. महाराष्ट्रात येणाऱ्या अमराठी अधिकाऱ्याला मराठीची परीक्षा द्यावी लागते. ही अट आपण हक्काने मागून घेतली आणि ती योग्यच आहे. पण तो मराठी पास झालेला अधिकारी, किंवा पुण्या-नागपूरचा जन्माने मराठी अधिकारी, अक्राणीला, भामरागडला, धारणीला जातो तेव्हा तिथली भिली, माडिया, कोरकू त्याला कोण विचारतं? नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या गणनेप्रमाणे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. आपल्या भाषा संचालनालयाकडे परीक्षा घेण्याचा साठ वर्षांचा अनुभव आहे. त्याच्या परीक्षांत भिली, गोंडी-माडिया आणि कोरकू या तीन तोंडी परीक्षांची भर घाला, ही मागणी या जिल्ह्यांतल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात मांडावी, आणि वाचकांनी आपापल्या आमदाराला तसं पत्र लिहावं.